विचारचित्रांचे ग्राहक

सामाजिक वा राजकीय आशयाच्या चित्राला ग्राहक मिळतो का, या प्रश्नाचे उत्तर सहसा मुंबईच्या कलादालनांत शोधले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे ते अधिक स्पष्टपणे मिळते. राजमाता जिजाऊंच्या या जन्मगावी दरवर्षी १२ जानेवारीला जन्मोत्सवासाठी महाराष्ट्रभरातून जनसमुदाय लोटतो. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात वंदन करून लोक जिजाऊ सृष्टीकडे वळतात. तेथे पुस्तकांच्या बरोबरीने जिजाऊ, शिवराय, जोतीराव व सावित्रीबाई फुले, शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांच्या तसबिरी व मूर्ती विकल्या जातात. दर्शनी भिंतीवर लावलेल्या अशा तसबिरीतून ती घेणारे कुटुंब आपली सामाजिक भूमिकाच जाहीर करत असते. चळवळीने घडवलेला हा ग्राहक नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरही भेटतो.

या बाजारपेठेचे मूळ जुने आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा स्थापन केली. देवदेवतांबरोबरच मराठेशाहीतील वीर व मुत्सद्दी यांची रंगीत शिळाछाप चित्रे तिने सामान्यांच्या घरी पोहोचवली. परकीय अमलात नाना फडणवीसांची तसबीर विकत घेणे ही राजकीय कृतीच होती, असे आम्ही मानतो.

आशयानुसार या कलेचे तीन प्रकार करता येतील: गौरवपर, निषेधपर आणि समाजदर्शी. गौरवपर चित्राला ग्राहक सहज लाभतो. निषेधपर चित्राची वाट बिकट असते. १९४३ च्या बंगाल दुष्काळाची चित्तप्रसादांनी रेखाटलेली चित्रे पुस्तिकारूपाने निघाली, तेव्हा ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. हा थोर कलावंत पुढे मुंबईत स्थायिक झाला आणि हलाखीत जगला. समाजदर्शी चित्रांना संग्राहक लाभतात, मात्र सावकाश. कामगार व उपनगरी जीवन रंगवणारे सुधीर पटवर्धन २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत होते. उपजीविकेची अशी स्वतंत्र सोय फार थोड्या चित्रकारांपाशी असते.

तेव्हा ग्राहक आहे, हे निश्चित. अडचण आहे ती मोबदल्याची. एकमेव मूळ चित्र विकले की त्याची किंमत चित्रकाराला मिळते. छापील तसबिरीच्या मात्र असंख्य प्रती निघतात आणि त्यांपैकी बहुतेकींवर चित्रकाराचे नावही नसते. जोतीरावांनी श्रमाच्या प्रतिष्ठेचा आग्रह धरला. त्यांचीच प्रतिमा रेखाटणारा हात अनाम राहावा, हे आम्हांस उचित वाटत नाही. प्रकाशकांनी प्रत्येक तसबिरीवर चित्रकाराचे नाव छापावे, प्रत्येक आवृत्तीमागे त्याला मानधन द्यावे, आणि जन्मोत्सवाला जाणाऱ्या वाचकांनी तसबीर घेताना ते नाव आवर्जून विचारावे.