बिघडलंय, पण उडेल

मे महिन्यात दुपारी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा दुपारी दिल्लीहून नागपूरला निघणाऱ्या विमानाचा एपीयू बंद पडलाय, असं समजा. एपीयू म्हणजे शेपटीतलं छोटं टर्बाइन. विमान जमिनीवर उभं असताना वीज, केबिनमधली गार हवा आणि मुख्य इंजिन फिरवायला लागणारा हवेचा दाब तेच पुरवतं. ते बंद असलं तरी नागपूरच्या उड्डाणाला नियमाची आडकाठी सहसा नसते, कारण हवेत इंजिनांवरचे जनरेटर सगळा भार उचलतात. खरी अडचण उतरल्यावर सुरू होते. नागपुरात वीज देणारी गाडी मिळेल का? इंजिन फिरवणारी हवेची गाडी चालू आहे का? दीडशेवर माणसं, त्यात लेकुरवाळ्या आणि म्हातारे, त्या भट्टीत किती वेळ बसवायची? ही चौकशी कॅप्टनला दिल्लीतच करावी लागते.

बिघाड चालेल की नाही, हे ज्यात पाहतात ती यादी म्हणजे एमईएल. विमानाच्या त्या मॉडेलसाठी एक मूळ यादी असते. तिच्यावरून विमान कंपनी आपली यादी करते आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाकडून मंजूर करून घेते. ती मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल नाही. प्रत्येक सवलतीला मुदत असते: ‘बी’ गटातल्या बिघाडाला ३ दिवस, ‘सी’ला १०, ‘डी’ला १२०. बिघाड सापडला तो दिवस यात धरत नाहीत. ‘ए’ गटात प्रत्येक बाबीची मुदत वेगळी लिहिलेली असते. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत, नोंद होते, बंद यंत्राच्या बटणापाशी ‘इनऑप’ची पट्टी चिकटते, इंजिनिअर सही करतो. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात २०१५ पासून विमानदुरुस्तीचे भव्य हँगर उभे आहेत. पण दर बारीकसारीक बिघाडासाठी विमान हँगरात न्यायचं ठरवलं, तर निम्मी विमानं जमिनीवरच राहतील.

यामागचं गणित साधं आहे. महत्त्वाच्या यंत्रणा विमानात दोन-दोन, तीन-तीन असतात. एक बंद असताना उड्डाणात दुसरीही गेली तर विमान सुखरूप उतरेल का, हे तपासूनच सवलत दिलेली असते.

तरी यादी मुख्यतः एकेका यंत्राकडे बघते. १७ जुलै २००७ला ब्राझीलमध्ये साव पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर टॅम कंपनीचं एअरबस ए३२० उतरत होतं. एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारं यंत्र, बंद ठेवलेला होता, आणि ते नियमात बसत होतं. धावपट्टी मात्र आखूड आणि पावसाने ओली होती. उतरताना त्याच बाजूच्या इंजिनाचा जोर ठरवणारी लिव्हर मागे न येता पुढेच राहिली. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे उचल मोडणाऱ्या झडपा, उघडले नाहीत, विमान थांबलं नाही. १९९ माणसं गेली. बंद रिव्हर्सर एकटा घातक नव्हता. पाऊस, आखूड पट्टी आणि त्या बिघाडामुळे बदललेली हाताळणी यांच्याशी त्याची गाठ पडली.

नागपूरची मुख्य धावपट्टी ३,२०० मीटरची, म्हणजे ऐसपैस. इथे गाठ पडते ती उन्हाशी. ४५ अंशांत हवा १५ अंशांच्या मानाने नऊ टक्क्यांहून अधिक विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही घटतो. त्यात चाकं घसरू न देणारी ब्रेकची अँटीस्किड यंत्रणा बंद असेल तर उड्डाणाचं वजन आणखी उतरवावं लागतं. थंडीत सहज निघणारं तेच विमान मग सामान किंवा प्रवासी मागे ठेवून निघतं. हवामान रडार बंद असेल तर निरभ्र रात्री जाता येतं, पण वाटेत गडगडाटी ढगांचा अंदाज असला की सवलत संपली. विदर्भात एप्रिलच्या गारपिटीपासून पाऊस जाईपर्यंत असा अंदाज अधूनमधून असतोच.

यादीने ‘हो’ म्हटलं तरी कॅप्टन ‘नाही’ म्हणू शकतो. उलटं चालत नाही. कागदावर हा अधिकार निखळ आहे. पण खोळंबलेले प्रवासी आणि पुढची रांगेतली उड्डाणं डोळ्यांसमोर असताना तो वापरायला छाती लागते. काउंटरवर तावातावाने भांडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

एमईएलची हद्द मात्र विमान जागचं हलेपर्यंतच. हवेत काही बिघडलं तर वैमानिक ही यादी उघडत नाही. तिथे क्यूआरएच नावाचं दुसरं पुस्तक लागतं, आणि त्यात दुरुस्तीच्या मुदती नसतात.