दोन पावलं टाकली की लढाई! गेममधले न दिसणारे शत्रू येतात कुठून?

मोबाईलवर इम्युलेटर टाकून जुना पोकेमॉन खेळला असाल, तर गुहेतला वैताग तुम्हाला माहीत असेल. दोन पावलं चाललं की स्क्रीन चमकते आणि समोर झुबॅट. पळ काढा, तीन पावलं टाका, पुन्हा झुबॅट. रोल-प्लेइंग गेममध्ये याला रँडम बॅटल म्हणतात. नकाशावर शत्रू दिसत नाही, चालता चालता लढाई अंगावर येते.

ही कल्पना मुळात व्हिडिओ गेमची नाही. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात ठरावीक वेळाने फासा टाकायचे. सहा पडले की भटका राक्षस हजर. पुढे 'विझर्ड्री'सारख्या कॉम्प्युटर गेमने ती उचलली आणि विझर्ड्रीने प्रभावित झालेल्या युजी होरी यांनी १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट'मधून ती जपानमध्ये घरोघरी पोहोचवली.

तो अख्खा गेम ६४ किलोबाइटचा. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही अनेकदा याहून मोठा असतो. एवढ्या जागेत नकाशाभर राक्षस फिरवत बसणं अवघडच. पण खरी गंमत वेगळी आहे. शत्रू दिसत नसल्यामुळे इथे प्रत्येक पावलाला किंमत असते. पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस जास्त ताकदवान. हरलात तर अनुभवाचे गुण राहतात, पण निम्मं सोनं जातं. मग औषधं संपत आली असताना अजून पुढे जायचं की गावाकडे फिरायचं? गेम खरा इथे आहे, लढाईत तुलनेने कमी.

फक्त नशिबावर सोडलं तर एक लढाई संपताच दुसरी सुरू होऊ शकते. म्हणून १९९४ च्या 'फायनल फँटसी ६'मध्ये एक छुपा आकडा ठेवलेला आहे. तो प्रत्येक पावलाला वाढतो आणि तेवढीच लढाईची शक्यताही वाढते. लढाई झाली की आकडा परत शून्यावर. म्हणजे इथे सगळं काही पूर्ण रँडम नसतं.

माझ्या मते सगळ्यात हुशार तोडगा पोकेमॉनच्या उंच गवताचा. गवतात शिरलात तर धोका, रस्त्याने गेलात तर नाही, निवड तुमची. (गुहेत ती सोय नाही, म्हणून झुबॅटवर सगळ्यांचा राग.) 'ब्रेव्हली डिफॉल्ट'ने लढायांचं प्रमाण थेट खेळाडूच्या हातात दिलं, अगदी शून्यापर्यंत. पण शून्यावर ठेवून धावत सुटलात तर ताकद न कमावताच मोठ्या शत्रूपुढे उभे राहता.

२०२२ च्या 'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये सगळे पोकेमॉन नकाशावरच दिसतात. तरी त्यातले काही इतके चिमुकले आहेत, की धावताना पायाखाली येतात आणि नको असलेली लढाई सुरू होतेच.