दात काढल्यानंतरचा पहिला दिवस

गेल्या आठवड्यात दाढ वाचवायची की काढायची, याचा विचार केला. आता ती निघाली आहे असे धरू. औंधाच्या आसपासच्या गावांतला माणूस वडूज, रहिमतपूर किंवा थेट सातारा गाठतो, दाढ काढून घेतो आणि गालात बोळा धरून परतीच्या एसटीत बसतो. पिशवीत गोळ्या असतात आणि सूचनांचा एक कागद. थंड खा, गरम टाळा, गोळ्या वेळेवर घ्या, थुंकू नका, चूळ भरू नका, त्या बाजूने चावू नका, अशा आठ-दहा ओळी एकाच ठशात छापलेल्या. सूचना सगळ्या बरोबर, पण सगळ्यांना वजन सारखेच. मग रुग्ण आपल्या समजुतीने निवड करतो. गोळी एकही चुकवत नाही आणि गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत खिडकीतून दोनदा थुंकतो. माझे म्हणणे असे की, पहिल्या चोवीस तासांत न थुंकणे आणि चूळ न भरणे हाच खरा उपचार आहे. गोळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो. कागदावर ही एक ओळ ठळक छापावी आणि तिचे कारण तोंडी सांगावे.

कारण असे. दात निघाल्यावर जबड्याच्या हाडात त्याच्या मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. तो काही मिनिटांत रक्ताने भरतो आणि रक्त तिथेच गोठते. उघड्या पडलेल्या हाडावर या गुठळीखेरीज दुसरे पांघरूण नसते आणि जखम भरून काढणाऱ्या नव्या पेशी तिच्याच जाळ्यातून आत सरकतात. आठवडाभरात तिची जागा कोवळे मांस घेऊ लागते, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते, हाड भरायला मात्र काही महिने जातात. हाताला कापले तर खपली सुकते, वर पट्टी बांधता येते. तोंडात सतत लाळ, जिभेचा चाळा, जंतूंचा सुकाळ, आणि गुठळी पहिल्या दिवशी दह्यासारखी मऊ. डॉक्टर बोळा देतात तो त्यामुळेच दाबून धरण्यासाठी. अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, दर पाच मिनिटांनी काढून रक्त थांबले का ते पाहायचे नाही. दर वेळी नुकती धरलेली गुठळी सुटते. थुंकताना गाल आत ओढले जातात आणि तोंडात क्षणभर पोकळी होते. ती ओढ नेमकी गुठळीला बसते. स्ट्रॉने सरबत पिणे, विडीचा झुरका आणि खळखळून भरलेली चूळ यांतही तोच धोका असतो.

गुठळी निसटली किंवा वेळेआधी विरघळली, तर जे होते त्याला दंतवैद्य ड्राय सॉकेट म्हणतात. १८९६ पासून वैद्यकीय लिखाणात त्याचे वर्णन आहे. साध्या जखमेचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरू लागते. इथे उलटे होते. दोन-तीन दिवस बरे जातात आणि मग ठणका उठतो, कानापर्यंत जातो, रात्री डोळ्याला डोळा लागू देत नाही. तोंडाला घाण वास येतो, चव बिघडते. आरशात पाहिले तर लालकाळ्या गुठळीच्या जागी रिकामा खड्डा आणि तळाशी करडे-पांढरे हाड दिसते. साधा दात काढल्यावर शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या वाट्याला हे येते. खालच्या अक्कलदाढेनंतर कितीतरी जास्त जणांच्या. डॉक्टर खड्डा हलक्या हाताने धुतात आणि लवंगतेलातले युजेनॉल असलेले औषध आत ठेवतात. पण म्हणून घरी कापूस लवंगतेलात भिजवून खड्ड्यात कोंबू नये. निव्वळ तेलाने आतले मांस भाजते आणि कापसाचे तंतू आत अडकतात.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. तोंडात रक्त येत असताना ते गिळायचे कसे? किळस समजण्यासारखी आहे; तोंडातले अशुद्ध थुंकून टाकावे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पण दिसते तेवढे ते रक्त नसते. माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि तिच्यात थोडेसे रक्त मिसळले तरी सगळी लालभडक दिसते. पहिला दिवसभर लाळ गुलाबी राहणे साहजिक आहे. ती गिळल्याने अपाय नाही, आणि अगदीच नको वाटले तर मान पुढे करून ओठांतून वाटीत गळू द्यावी. मळमळावे इतके रक्त पोटात जात असेल, तर मात्र नवा बोळा चावून धरून डॉक्टरांकडे परतायचे.

दुसरा आक्षेप मिठाच्या पाण्याचा. तेच पाणी उद्या औषध आणि आज अपाय, हे कसे? पाणी तेच, गुठळी वेगळी. चोवीस तासांनी ती जरा धरलेली असते. मग कोमट पाण्यात मीठ घालून, ते तोंडात घोळवून, खळखळ न करता सोडून द्यावे. बाकीचे दात पहिल्या रात्रीही ब्रशने हलके घासायला हरकत नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न तंबाखूचा, आणि आपल्याकडे तो विडी-सिगारेटपेक्षा मशेरी, गाय छाप आणि गुटख्याचा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले; खाण्या-चोळण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ही वेगळीच कथा. सिगारेट ओढणाऱ्यांत ड्राय सॉकेटचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, असे अभ्यास सांगतात. मशेरीबद्दल इतका पुरावा जमलेला नाही, म्हणून ती निर्धोक असे कोणी म्हणेल. पण निकोटीन दोन्हींत आहे, त्याने रक्तवाहिन्या आकसतात, आणि मशेरीत बोट हिरडीवर फिरते, भुकटी खड्ड्यात जाते, वर दर चार मिनिटांनी थुंकावे लागते. म्हणजे वर टाळायला सांगितलेले सगळे एकाच सवयीत. वर्षानुवर्षे मशेरी लावणाऱ्या बाईला ‘कायमची सोडा’ म्हटले तर ती मान हलवेल आणि संध्याकाळी डबी उघडेल. तिला किमान तीन दिवस, जमल्यास आठवडा मागावा, आणि तो का मागतो हेही सांगावे.

गोळ्यांना मी मागचा नंबर दिला, म्हणजे त्या फेकून द्या असे नव्हे. वेदनाशामक वेळेवर घ्यावे. पण धडधाकट माणसाला साधा दात काढल्यावर अँटिबायोटिक लागतेच असे नाही, आणि ते गुठळी जागेवर धरून ठेवत नाही. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायची जुनी खोड तर सोडावीच, तिने हिरडी भाजते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. दात काढण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. मधुमेहाचेही तसेच.

‘आम्ही काहीच पाळले नाही, तरी काही झाले नाही’ असे सांगणारेही भेटतात, आणि ते खरेच बोलत असतात. शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांचे साधा दात काढल्यावर निभावतेच. पण आपण त्या नव्वदांतले की उरलेल्यांतले, हे आधी कळत नाही, आणि एक दिवसाच्या पथ्यापुढे आठवड्याचा ठणका महाग पडतो. बुडालेली मजुरी धरली तर जास्तच. पथ्य फार मोठेही नाही. मऊ गार भात, दही, कण्या, दुसऱ्या बाजूने चावणे. थंडीत हुरडा आणि तिळगूळ मात्र आठवडाभर दूर ठेवावेत, कारण दाणे आणि तीळ नेमके खड्ड्यात जाऊन बसतात. यमाईचा डोंगर दोन दिवस चढू नये. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्या संस्थानाच्या शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेतले, त्या औंधात हे सांगणे जड जाते, पण नमस्कारही दोन-तीन दिवस बंद; वाकले की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि थांबलेले रक्त पुन्हा सुरू होते.

सूज दोन-तीन दिवस वाढणे अपेक्षित आहे. त्यानंतरही वाढली, ताप आला, तोंड उघडेना, किंवा अर्धा-अर्धा तास दोनदा बोळा दाबूनही रक्त थांबेना, तर त्याच दिवशी परत जावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे. रिकाम्या जागी कवळी बसवायची की पूल, आणि हाड भरेपर्यंत किती थांबायचे, ते पुढच्या आठवड्यात.