उभ्या फटीचे काय?

अमेरिकेतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात पहिल्यांदा जाणारा माणूस दाराशीच चपापतो. दार जमिनीपासून सुमारे फूटभर वर थांबलेले, आणि दार व खांब यांच्यामध्ये उभी फट. यामागे काही संस्कृतिविचार शोधू नये. तयार फळ्या कारखान्यातून ठरावीक मापांत येतात. भिंत किंवा फरशी किंचित तिरकी निघाली तरी दार अडकू नये, म्हणून जागा सोडलेली असते. खालच्या मोकळ्या जागेचे समर्थन पटते : फरशी धुता येते, आत कोणी कोसळले तर कळते. उभ्या फटीला असे समर्थन नाही. दाराच्या कडेला खाच पाडून ती खांबाच्या कडेवर बसवली की फट झाकते. खर्च थोडा वाढतो, इतकेच. आडोसा नीट नसला की कितीतरी जणी दिवसभर पाणी पिणेच टाळतात. तो खर्च कुणाच्या हिशेबात येत नाही.

डोळे अडवले तरी कान उरतात. जपानमध्ये आवाज झाकण्यासाठी स्त्रिया पुन्हापुन्हा पाणी सोडत. टोटो कंपनीने १९८८ साली पाण्याचा नुसता आवाज काढणारे यंत्र आणले : ‘ओतोहिमे’. ओतोहिमे ही लोककथेतली समुद्रतळाची राजकन्या; ‘ओतो’ म्हणजे आवाजही. लाज राहिली, पाणी वाचले.

प्रवेशाशी दाराऐवजी भिंतीला वळण दिले, तर नजर तिथेच थांबते. फक्त वळणासमोर आरसा नको. आपल्याकडे तो पुष्कळदा नेमका तिथेच टांगलेला असतो.