घमेलं घेऊन आलेले पाहुणे

परदेशी विद्यापीठांत एक बेत आता चांगलाच रुळला आहे. वीस-पंचवीस मुलंमुली, सोबत दोन प्राध्यापक, दोन-तीन आठवड्यांची सुट्टी आणि उष्ण कटिबंधातला एखादा देश. कोस्टा रिका, फिजी, टांझानिया, कंबोडिया. आठवडाभर शाळेच्या भिंती रंगवायच्या, शनिवार-रविवारी जंगलात दोरावरून घसरायचं, धबधब्याखाली भिजायचं. सेवा आणि साहस एकाच तिकिटात. खर्च मुलांच्या आईबापांचा, त्यामुळे असे बेत आखून देणाऱ्या कंपन्याही निघाल्या. आणि गिऱ्हाईक आलं की माल तयार होतोच. कंबोडियात पर्यटक अनाथाश्रमांना भेटी देऊ लागले तसे अनाथाश्रम वाढत गेले. चौकशी झाली तेव्हा कळलं, की तिथल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत 2017-18 मध्ये हा विषय थेट आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत आला.

या सहलींबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा जाणाऱ्याच्या बाजूचं असतं. त्याला काय दिसलं, तो कसा बदलला, आयुष्याकडे कसा नव्याने पाहू लागला. ज्याच्या दारात ही पोरं उतरतात त्याला कुणी विचारत नाही. ते विचारायचं तर आपल्या सीमेवरचं नार्नूर चांगलं आहे.

नार्नूर तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे, उटनूरच्या पुढे, डोंगराळ भागात. त्याच डोंगरांच्या पलीकडे चंद्रपूरचा जिवती तालुका. या मुलखात गोंड, कोलाम, परधान, थोटी, अंध, बंजारा असे सगळे राहतात, आणि गोंडी, तेलुगू, मराठी, गोरमाटी, उर्दू या सगळ्या भाषा एकाच बाजारात चालतात. अंधांची घरची भाषा मराठी. परधानांचं तर विशेष आहे. गोंडांच्या कुळकथा गोंडीत गाणारे हे भाट, पण घरी मराठी बोलत आले. 1948 पर्यंत निजामाचं राज्य, 1956 पासून आंध्र प्रदेश, 2014 पासून तेलंगण. राजधानी हैदराबादच राहिली, दरबाराची भाषा तेवढी बदलत गेली. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा अजून आहेत. महाराष्ट्रातल्या किती वाचकांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

बाहेरून आलेला पाहुणा या भागाला नवा नाही. सगळ्यांत नावाजलेला पाहुणा व्हिएन्नाचा. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ 1939 मध्ये पत्नी बेट्टीसह भारतात होता. महायुद्ध पेटलं आणि हातात जर्मन पारपत्र असल्यामुळे इंग्रजांनी त्याला अटक केली. पुढे हैदराबाद संस्थानाची हद्द ओलांडायची नाही, या अटीवर मोकळं ठेवलं. स्थानबद्धतेचं त्याने सोनं केलं. नार्नूरच्या शेजारी, आजच्या जैनूर मंडलातल्या मार्लवाई गावी हे जोडपं गोंडांमध्ये झोपडीत राहिलं, गोंडी शिकलं. तो काळही साधा नव्हता. जल, जंगल, जमिनीसाठी उठलेला गोंड पुढारी कोमरम भीम 1940 मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला होता आणि हे असं का झालं, हे निजाम सरकारलाही जाणून घ्यायचं होतं.

हायमेनडॉर्फने सरकारला जे सांगितलं त्यातून दोन कामं उभी राहिली. एक जमिनीचं. 1940 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या जिल्ह्यातल्या आदिवासींच्या नावावर सुमारे 1,60,000 एकर जमीन पट्ट्याने झाली. दुसरं शाळेचं. 1943 मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. बाहेरचे मास्तर आणण्याऐवजी थोडंफार लिहिता-वाचता येणारी गोंड पोरंच मास्तर म्हणून तयार केली. गोंडी वाचनमाला छापली ती देवनागरीत, आपल्याच बाळबोध अक्षरांत. बेट्टी 1987 मध्ये हैदराबादला वारली, तिला मार्लवाईत आणून पुरलं. आजही जानेवारीत गावकरी या दोघांच्या समाधीपाशी जमतात. तरीही हायमेनडॉर्फला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. 1970 च्या दशकात तो परत आला तेव्हा त्याच जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेल्या त्याने पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. त्या बाहेरच्यांत आपल्या मराठी मुलखातून आलेलेही होते, हे आपण मराठीत लिहिताना गाळू नये.

हायमेनडॉर्फ अभ्यासाला आला होता. हाताने काम करायला परदेशी जथ्था भारतात आला तो त्याही आधी, बिहारमध्ये. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने उत्तर बिहार जमीनदोस्त झाला. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, फ्रान्समधल्या व्हेर्दूंजवळ उद्ध्वस्त गाव पुन्हा उभारायला निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक जमवले होते. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना निघाली. हा सेरेसोल मोजके सोबती घेऊन बिहारला आला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याच्या साथीने त्याने गावं वसवायला हात लावला. युरोपबाहेरची त्या संघटनेची ही पहिलीच मोहीम. म्हणजे आज ज्याला ‘सेवा-सहल’ म्हणून विकलं जातं, त्याच्या मुळाशी युद्धाला नकार देणाऱ्या माणसांचं फावडं आहे. बंदुकीच्या जागी फावडं, ही कल्पना त्यांनी अगदी शब्दशः घेतली होती. साहसाची त्यांना वेगळी तजवीज करावी लागली नाही.

याच संघटनेचा जथ्था 1954 मध्ये आपल्या वरोऱ्याला आला. नार्नूरच्या डोंगरांच्या उत्तरेला असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमट्यांचं आनंदवन 1951 मध्ये सुरू झालं होतं. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, ही सुरुवात आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. माळ खडकाळ, साप-विंचू भरपूर, पाणी नाही. अशा जागी छत्तीस देशांतले सुमारे पन्नास तरुण येऊन तीन महिने राहिले आणि त्यांनी रुग्णालयाच्या इमारती उभ्या केल्या.

इथे जरा थांबून बघायला हवं. पाया खणायचा, दगड फोडायचे, घमेली हातोहात पुढे सरकवायची. साखळीत घमेलं घेताना समोरच्याच्या बोटांना आपली बोटं लागतात, त्याला इलाज नसतो. आणि त्या माळावरची बोटं कुष्ठरोगाने झडलेली होती. त्या काळात वरोऱ्याचे लोक आनंदवनात पिकलेली भाजी विकत घेत नसत. कुष्ठरोग्याने पिकवलेलं घरात कसं न्यायचं? परदेशातून आलेली ही धडधाकट पोरं त्याच लोकांबरोबर राबतात, त्याच भाज्या जेवतात, आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने तीन महिने डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू भाजीला गिऱ्हाईक येऊ लागलं. इमारती महत्त्वाच्या होत्याच, पण त्या पैसे गोळा करून गवंड्यांकडूनही बांधून घेता आल्या असत्या. वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची वांगी विकली जाणं हे गवंड्यांच्या हातचं नव्हतं. गोऱ्या माणसाने खाल्लं म्हणून आपण खाल्लं, ही त्यातली लाजिरवाणी बाजूही खरीच.

पण हे जमलं का? माझ्या मते तीन कारणांनी. काम काय करायचं ते बाबांनी आणि आनंदवनाने ठरवलं होतं, पाहुण्यांनी नाही. पाहुणे पंधरवड्यात पळाले नाहीत. आणि ते गेल्यावर त्या इमारतीत रोज झाडू मारणारं, औषध देणारं माणूस तिथे कायमचं होतं. यातलं एक जरी नसतं तरी आज तिथे कोनशिला आणि पडकी भिंत एवढंच दिसलं असतं. अशा कोनशिला आपल्याकडे गावोगाव आहेत.

बाबांनी पुढे हा धडा इथल्या पोरांसाठी वापरला. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मूल तालुक्यात सोमनाथला जंगलजमीन मिळाली आणि तिथे श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. वेळ कुठली, तर 15 ते 22 मे. चंद्रपूरचा मे ज्याने भोगलाय त्यालाच याचा अर्थ कळेल. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, पहाटे उठून कुदळ मारायची, ऊन चढलं की सावलीत चर्चा, व्याख्यानं, गाणी. मुंबई-पुण्याची पोरं स्वतःहून इथे यायची. अशाच वातावरणात वाढलेल्या प्रकाश आमट्यांनी 1973 च्या डिसेंबरात हेमलकशाला तळ ठोकला. 1985 च्या डिसेंबरात बाबांबरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलवर काश्मीरला निघाले, पाच हजार किलोमीटरचं ‘भारत जोडो’. साहस म्हणाल तर हे. त्यासाठी दोराला लटकावं लागत नाही.

सरकारी बाजूला राष्ट्रीय सेवा योजना आहे. 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थ्यांवर ती सुरू झाली. वर्षाला 120 तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात काय होतं, ते आपण सगळे जाणतो. ग्रामसफाईची फेरी, शोषखड्डा, एक पथनाट्य, समारोपाला सरपंच आणि संस्थाचालक, प्रमाणपत्र. सातव्या दिवशी ट्रक येतो. दत्तक घेतलेल्या गावाचं पुढे काय झालं हे दत्तक घेणाऱ्याने विचारायचं असतं, याचा विसर पडतो. शिबिरात मुलं मोठी होतात, एकमेकांना ओळखतात, पहिल्यांदा चुलीवर भाकरी थापतात. हा फायदा मी मुळीच कमी लेखत नाही. फक्त तो फायदा मुलांचा आहे, आणि हिशेबात तो गावाच्या नावे लिहिला जातो.

आता नार्नूरच्या बाजूने. बाहेरच्या जगाला नार्नूर दिसतं ते वर्षातून एकदा, पौष पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा इथे खामदेवाची जत्रा भरते. खामदेव हे तोडसम कुळाचं कुलदैवत. जत्रेत त्या कुळाची एक आत्या, म्हणजे कुळातलीच लेक, घाण्याचं तिळाचं तेल पिते. थोडंथोडकं नाही, दोन-अडीच किलो. कुटुंबांनी घरोघरून आणलेलं तेल भांड्यातून तिच्या तोंडाला लावतात, भोवती वाद्यं वाजत असतात. पीक चांगलं यावं, घरांत सुख नांदावं, ही श्रद्धा. दर जानेवारीत त्याची चित्रफीत देशभर फिरते, लोक ‘बापरे’ म्हणतात आणि पुढे सरकतात. सहलवाल्यांनाही असंच काहीतरी हवं असतं. तेवढं बघायचं आणि कुंटालाच्या धबधब्याकडे गाडी वळवायची.

खरं म्हणजे जथ्थ्याने परगावी जाण्याची एक पक्की रीत या मुलखात आधीपासून आहे, आणि तिचा हंगाम दिवाळीचा. दंडारी. गावातली पोरं आणि पुरुष जथ्था करून दुसऱ्या गावी जातात. पुढे गुस्साडी असतात. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात काठी. गुस्साडी होणं ही दीक्षा असते; ती चालू असेपर्यंत ते आंघोळ करत नाहीत. ढोल, तुडुम, पेपरे वाजवत जथ्था शिवेवर येतो, यजमान गाव सामोरं जातं, जेवू घालतं, रात्रभर नाच होतो, मुक्काम पडतो. बहुधा सोयरीक जुळू शकेल अशा कुळांच्याच गावी जातात, त्यामुळे यातून लग्नंही ठरतात. आणि मुख्य म्हणजे फेड असते. आज तुम्ही आमच्याकडे, मग आम्ही तुमच्याकडे. ज्याला परत यजमान व्हायचं आहे तो पाहुणा म्हणून जपून वागतो. मार्लवाईच्या कनक राजू यांनी हा गुस्साडी नाच दिल्लीपर्यंत नेला, त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2024 च्या ऑक्टोबरात, ऐन दंडारीच्या दिवसांत, ते गेले.

विद्यार्थ्यांच्या सेवा-सहलीत नेमकी ही फेड नसते. मुंबईचा मुलगा नार्नूरला येतो, नार्नूरचा मुलगा मुंबईच्या त्या घरी मुक्कामाला जात नाही. एका बाजूला कायम देणारा आणि दुसऱ्या बाजूला कायम घेणारा बसला, की कितीही चांगल्या मनाने केलं तरी त्याला उपकाराचा वास येतो.

शिवाय नार्नूरकडे देण्यासारखं नाही, ही समजूतच चुकीची. नार्नूर मंडलातल्याच गुंजाला गावात जुन्या हस्तलिखितांचा साठा सापडला, गोंडीच्या स्वतःच्या लिपीतला. गावातल्या म्हाताऱ्यांना ती लिपी वाचता येत होती. 2006 च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाचे जयधीर तिरुमल राव आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. अभ्यास झाला, संगणकासाठी अक्षरं घडवली गेली, परिसरातल्या मुलांना लिपी शिकवणं सुरू झालं आणि 2018 मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने ती युनिकोडमध्ये दाखल झाली. एका खेड्याचं नाव जगभरच्या संगणकांत गेलं. इथे बाहेरच्यांनी मदत केली ती मोलाची, पण पोथ्या जपल्या होत्या गावाने. गुरू गावात होता, विद्यार्थी विद्यापीठातून आले होते. मला वाटतं, नार्नूरला येणाऱ्या कुठल्याही तुकडीने आपली जागा इथे ओळखावी.

2023 मध्ये केंद्राने आकांक्षी गट म्हणून जे 500 मागास गट निवडले त्यांत नार्नूर होतं, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये याच गटाच्या कामासाठी आदिलाबाद जिल्ह्याला पंतप्रधान पुरस्कार मिळाला. भिंती रंगवायला परगावचं कुणी येण्याची तिथे कुणी वाट पाहत बसलेलं नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या प्राचार्यांना आणि सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सीमेपलीकडच्या या मराठी-गोंडी मुलखात विद्यार्थी पाठवायचे असतील तर जरूर पाठवा. पण पहिल्या वर्षी तुमची तुकडी पाठवू नका. नार्नूर-उटनूरकडची पंचवीस मुलं आठ दिवस तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरी मुक्कामाला बोलवा, वसतिगृहात नको, घरी. त्यांना तुमचं कॉलेज, प्रयोगशाळा, ग्रंथालय दाखवा, आणि संध्याकाळी त्यांच्याकडून गुंजालाची अक्षरं शिकून घ्या. मग दुसऱ्या वर्षी त्यांनी बोलावलं तर जा, आणि काय काम करायचं ते त्यांनाच विचारा.