एमपीस्टॅट (संगणक आज्ञा)

एमपीस्टॅट ही लिनक्स कार्यप्रणालीत प्रत्येक प्रोसेसरच्या कामाची टक्केवारी दाखवणारी आज्ञा आहे. ती सेबास्तियाँ गोदार यांनी विकसित केलेल्या सिसस्टॅट या मुक्तस्रोत संचाचा भाग असून नावातील 'एमपी' ही अक्षरे बहुप्रोसेसर या अर्थाची आहेत. आज्ञा आणि तिचे पर्याय रोमन लिपीतच टंकावे लागतात. येथे ते उच्चारानुसार दिले आहेत.

अनेक प्रोसेसरांकडून एकत्र काम करून घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सादर केला, तो याच तत्त्वावर. आज साध्या घरगुती संगणकातही चार किंवा अधिक गाभे असतात. एमपीस्टॅटचे उत्तर निव्वळ मजकुराच्या स्वरूपात येत असल्याने परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथे बसलेल्या विद्यार्थ्याला मंद जोडणीवरूनही दूरच्या संगणकाची स्थिती वाचता येते.

पर्यायांचा वापर

कोणताही पर्याय न देता आज्ञा चालवल्यास संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी मिळते. नवशिक्यांची फसगत बहुधा येथेच होते. दहा दिवस, म्हणजे २४० तास, सुरू असलेला संगणक केवळ शेवटचा एक तास पूर्ण भाराखाली असेल, तर ही सरासरी अर्धा टक्काही भरत नाही आणि हैराण झालेले यंत्र निवांत भासते. म्हणून आज्ञेपुढे दोन संख्या लिहाव्यात. 'एमपीस्टॅट २ ५' म्हणजे दर दोन सेकंदांनी, एकूण पाच वेळा मोजणी. शेवटी त्या पाचांची सरासरी येते. दुसरी संख्या वगळल्यास थांबवेपर्यंत मोजणी चालू राहते.

सर्वांत उपयुक्त पर्याय 'पी' हा होय. तो मोठ्या अक्षरातच लिहावा लागतो. 'एमपीस्टॅट -पी ऑल २ ५' असे लिहिल्यास प्रत्येक गाभ्याची स्वतंत्र ओळ दिसते. चार गाभ्यांपैकी एकच शंभर टक्के गुंतलेला आणि इतर तीन रिकामे असतील, तर एकत्रित आकडा केवळ २५ टक्के येतो. कार्यक्रम मंद का चालतो, याचे उत्तर त्या एकत्रित ओळीत सापडत नाही. 'ऑल'ऐवजी क्रमांकही देता येतो. मोजणी शून्यापासून होत असल्याने चौथा गाभा ३ या क्रमांकाचा असतो.

मोठ्या 'आय' या पर्यायाने इंटरप्टची आकडेवारी मिळते, तर मोठा 'व्ही' आवृत्ती सांगतो. सर्वसाधारण वापरात त्यांची गरज क्वचितच भासते.

स्तंभांचा अर्थ

'यूएसआर' हा वापरकर्त्याच्या कार्यक्रमांवर, तर 'सिस' हा कार्यप्रणालीच्या गाभ्यावर खर्च झालेला वेळ. 'आयओवेट' म्हणजे प्रोसेसर रिकामा असून डिस्कचे काम प्रलंबित राहिल्याचा वेळ. तो मोठा दिसल्यास अधिक वेगवान प्रोसेसर विकत घेऊन सहसा काहीच साधत नाही. आधी डिस्क तपासावी. 'स्टील' हा स्तंभ आभासी यंत्रांपुरता महत्त्वाचा आहे: आपल्या वाट्याचा प्रोसेसर त्याच भौतिक यंत्रावरील दुसऱ्या कामात अडकल्याने वाट पाहण्यात गेलेला वेळ तो दाखवतो. 'आयडल' म्हणजे निखळ विश्रांती.

एमपीस्टॅट जुन्या नोंदी साठवत नाही. कालचा भार पाहायचा असल्यास त्याच संचातील सार ही आज्ञा वापरतात. मात्र त्यासाठी नोंदणी आधीपासून सुरू असावी लागते.