माझी परसबाग आणि ज्वारीचा धडा
(इयत्ता ७ वी)

आपल्या मंगळवेढ्याची ज्वारी सगळीकडे नावाजलेली आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हीच ज्वारी मला वांगी पिकवायला शिकवील, असे मला कधी वाटले नव्हते!

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी घरामागे वांग्याची वीस रोपे लावली. गोठ्यातले ताजे शेण भरपूर घातले आणि रोज बादलीभर पाणी ओतले. पंधरा दिवसांत निम्मी रोपे वाळली. कच्चे शेण कुजताना उष्णता निघते व कोवळी मुळे करपतात, हे मला ठाऊक नव्हते. जमिनीला भेगा पडल्या त्या वेगळ्याच. आई रागावली, "पाणी प्यायचं, का तुझ्या वांग्याला घालायचं?" मला रडू आले.

तेव्हा आजी म्हणाली, "आरं, ज्वारीला कोण पाणी घालतंय? तरी ती येतीच की!"

मी विचार करू लागलो. रब्बीची ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढते. शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतात, म्हणून ओल उडून जात नाही. भाजीची मुळे ज्वारीइतकी खोल जात नाहीत. तिला पाणी लागतेच. पण दिलेले पाणी राखता येते ना!

म्हणून यंदा मी माझी पद्धत ठरवली.

१) खत : खड्ड्यात पालापाचोळा, शेण व माती यांचे थर दिले आणि ते ओलसर ठेवले. चार महिन्यांनी काळे, भुसभुशीत खत झाले. त्याला घाण वास येत नाही. पुसदच्या नाडेपकाकांनी, म्हणजे नारायण पांढरीपांडे यांनी, विटांच्या टाकीत थोड्या शेणात पुष्कळ खत करून दाखवले होते. आमचा खड्डा त्याचाच धाकटा भाऊ!

२) पाणी : धान्य व भाजी धुतलेले पाणी झाडांना घालतो. वाफसा आला की खुरप्याने माती हलवतो. वर तुरीचे भुसकट पसरतो. भेगा पडत नाहीत.

३) कीड : दादा म्हणाला, "दुकानातलं औषध मार." पण माझी धाकटी बहीण टोमॅटो झाडावरनंच तोडून खाते. तिला कोण अडवणार? म्हणून आजीने जूनमध्ये वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या कुटल्या. ५० ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवली, फडक्याने गाळली व संध्याकाळी फवारली. उन्हात तिचा गुण कमी होतो. मात्र फळात शिरलेली अळी याने मरत नाही. वाळलेले शेंडे व किडकी वांगी तोडून दूर नेऊन नष्ट करावीच लागतात.

यंदा वीसपैकी सोळा झाडे जगली. परवा आईने भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी केली. ती म्हणाली, "आता घाल बाबा पाणी!"

मळ्यातच विठ्ठल पाहणारे सावता महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचे. आपणही चार रोपे लावून पाहू या. पण आधी आपली जमीन नीट बघा, आणि आजीला जरूर विचारा!